कपाशी वाढते तसा वाघ लपतो

माझ्या गेममधला वाघ जून महिन्यात टिपेश्वरच्या जंगलातून बाहेर पडतो. त्या वेळी शेतं वखरून मोकळी पडलेली असतात, कुठे नुकती पेरणी झालेली असते. आडोसा नावाला नसतो. खेळणाऱ्याला पहिल्याच रात्री कळतं की नाल्याचा काठ सोडला की आपण उघडे पडतो. ऑगस्टमध्ये कपाशी गुडघ्याला लागते, सप्टेंबर संपता संपता कमरेपर्यंत येते, तूर तिच्याही वर जाते. आता शेतातूनही चालता येतं. मग ऑक्टोबरात सोयाबीन सोंगून होतं आणि काल जिथे लपता येत होतं तिथे आज सपाट रान असतं. सगळा गेम या एका नियमावर उभा आहे: पीक वाढलं की वाघाला जागा मिळते, पीक निघालं की जाते.

वाघ खरा आहे. फेब्रुवारी २०१९ मध्ये भारतीय वन्यजीव संस्थेच्या शास्त्रज्ञांनी टिपेश्वरमधल्या एका तरुण वाघाच्या गळ्यात रेडिओ कॉलर घातला. जूनमध्ये तो निघाला. यवतमाळ जिल्हा, तेलंगणातला आदिलाबादचा भाग, नांदेड, हिंगोली, वाशिम असा वळसे घेत, पाच महिन्यांत सुमारे १३०० किलोमीटर चालून तो डिसेंबरमध्ये बुलढाणा जिल्ह्यातल्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला. लोकांनी त्याचं नाव ‘वॉकर’ ठेवलं. कॉलरने टिपलेल्या ठिकाणांचा नकाशा वर्तमानपत्रांत आला तेव्हा मी तो कितीतरी वेळ पाहत बसलो. तो रात्री चालायचा आणि दिवसा दडून राहायचा. वाटेत शेकडो गावं, रस्ते, कालवे लागले, आणि बहुतेक ठिकाणी तो येऊन गेल्याचं कुणाला कळलंही नाही. मला तो नकाशा बातमी म्हणून दिसलाच नाही. त्यात मला गेम दिसला.

टिपेश्वर अभयारण्य आमच्या घाटंजी आणि शेजारच्या पांढरकवडा तालुक्यात येतं. क्षेत्रफळ दीडशे चौरस किलोमीटरच्याही आत. पारवा गावाकडच्या बाजूला ज्यांची शेती आहे त्यांच्यासाठी वाघ हा सहलीचा विषय नाही, रोजच्या जाण्यायेण्याचा आहे. मी दिवसा एका ऑनलाइन सेंटरवर काम करतो: पीक विम्याचे अर्ज, शिष्यवृत्त्या, दाखले, परीक्षांचे फॉर्म. रात्री गेम करतो. ही दोन कामं वेगळी आहेत असं पुष्कळांना वाटतं. मला मात्र दुसऱ्या कामाचं निम्मं शिक्षण पहिल्यानेच दिलं. पडद्यासमोर बसलेला माणूस कुठे अडतो, बटण समोर असूनही त्याला ते का दिसत नाही, चार सूचना एकदम आल्या की तो त्यातली एकही कशी वाचत नाही, हे मी रोज खुर्चीला खुर्ची लावून पाहतो.

गेम बनवायचं वेड कधी लागलं ते नेमकं सांगता येणार नाही. आमच्या पिढीतल्या तालुक्याच्या पोरांचा रस्ता साधारण एकच. आधी टीव्हीला जोडायचा, कॅसेटवर चालणारा व्हिडिओ गेम; तो ज्याच्या घरी असेल त्याच्या ओसरीवर पोट्ट्यांची रांग. मग दहावीनंतर एमएस-सीआयटीचा क्लास. तिथे धडा संपला की सर बाहेर जायचे आणि कुणीतरी ‘रोड रॅश’ लावायचं. बाकीची पोरं जिंकण्यासाठी भांडायची. मला वेगळीच ओढ होती: मोटारसायकल वळताना ती ‘जड’ का वाटते? पडद्यावर वजन कुठून आलं? हे कुणीतरी ठरवलं असणार, आणि ज्याने ठरवलं त्याचं हे काम असणार. असं काम जगात असतं, एवढं कळायलाच मला खूप वर्षं लागली, कारण सांगणारं कुणी नव्हतं.

२०१६ च्या सप्टेंबरात जिओ आलं आणि शिकण्याचा खर्च एकदम खाली आला. त्याआधी एक व्हिडिओ पाहायचा म्हणजे रिचार्ज संपवायचा. इंग्रजी कच्चं होतं, म्हणून मी धडे आवाज बंद करून पाहायचो: शिकवणारा कुठे क्लिक करतो, काय टाइप करतो, त्यानंतर पडद्यावर काय होतं. शब्द नंतर समजत गेले. लॅपटॉप घ्यायचं घरात ठरलं ते २०१७ साली, आणि त्याच हंगामात गुलाबी बोंडअळीने जिल्ह्यातला कापूस पोखरला. आमच्याकडे लॅपटॉप पुढच्या वर्षावर गेला. घरातल्या कुणी मला ‘हे सोड’ म्हटलं नाही. बाबा फक्त विचारायचे, ‘याले मागणी आहे का?’ कापूस पिकवणाऱ्या माणसाने विचारावा असाच तो प्रश्न होता, आणि मी त्याचं खरं उत्तर द्यायचो: माहीत नाही.

पहिला गेम मी केला तो उड्या मारणाऱ्या पोराचा. बांधावरून बांधावर उडी, मध्ये पाण्याचे पाट. तो करताना मी उडी या एकाच गोष्टीवर अनेक महिने घालवले, आणि ते महिने सार्थकी लागले असं आजही वाटतं. पडद्यावर सेकंदाला साठ चित्रं सरकतात, म्हणजे एक चित्र जेमतेम सतरा मिलिसेकंद टिकतं. खेळणारा काठावर येतो, उडीचं बटण दाबतो, पण बोट पोहोचेपर्यंत पोराचा पाय काठाच्या पुढे गेलेला असतो. यंत्राच्या हिशेबाने तो पडला. खेळणाऱ्याच्या हिशेबाने त्याने वेळेत बटण दाबलं होतं. म्हणून गेम करणारे लोक काठ सुटल्यावरही चार-सहा चित्रांपुरती उडी मान्य करतात. त्याला ‘कोयोटी टाइम’ म्हणतात. कार्टूनमधला तो कोल्ह्यासारखा प्राणी कड्याबाहेर जाऊनही क्षणभर हवेत उभा राहतो, त्यावरून. ही सूट दिली की खेळणारा म्हणतो, ‘आता बरोबर वाटते.’ त्याला काय बदललं ते सांगता येत नाही. या कामातला बराचसा भाग असाच असतो. खेळणाऱ्याच्या मनातला न्याय ओळखायचा आणि यंत्राला तो मान्य करायला लावायचा.

तो गेम घेऊन मी नोकरीच्या आशेने पुण्याला गेलो. पुणे हे या धंद्यातलं मोठं ठिकाण आहे. ‘राजी: अ‍ॅन एन्शंट एपिक’ हा गेम तिथल्याच नॉडिंग हेड्स गेम्स या छोट्या कंपनीने केला. लोकवर्गणीची त्यांची मोहीम ठरलेल्या रकमेपर्यंत पोहोचली नव्हती, तरी त्यांनी गेम पूर्ण केला. २०२० मध्ये तो बाहेर आला आणि त्याच वर्षी द गेम अवॉर्ड्समध्ये पदार्पणाच्या स्वतंत्र गेमसाठीच्या नामांकनांत त्याचं नाव होतं. ‘इंडस’ करणारी सुपरगेमिंगही पुण्याचीच. मी गेलो ते ठिकाण यांपैकी नव्हे. तिथल्या एका अनुभवी माणसाने माझा गेम शांतपणे शेवटपर्यंत खेळला, उडीचं कौतुक केलं आणि एकच विचारलं, ‘यात खेळणाऱ्याला ठरवावं काय लागतं?’

माझ्याकडे उत्तर नव्हतं. उडी मारायची किंवा पडायचं, एवढंच त्यात होतं. नोकरी मिळाली नाही, आणि परतीच्या बसमध्ये मला आजोबांची वाघ-बकरी आठवली. ओट्यावर खडूने रेघा, वाघांसाठी मोठे खडे, बकऱ्यांसाठी चिंचोके. वाघ उडी मारून बकरी खातो. बकऱ्यांना खाता येत नाही. त्यांना फक्त वाघाची वाट अडवता येते. दोन बाजूंच्या ताकदी सारख्या नाहीत आणि तरी डाव रंगतो, कारण प्रत्येक चालीला दोघांनाही काहीतरी सोडून द्यावं लागतं. एक बकरी जाऊ द्यायची की फळी मोडायची? खेळाचं सगळं शास्त्र त्या ओट्यावर होतं आणि मी ते यूट्यूबवर शोधत होतो. आपल्याकडे सारीपाट आहे, मोक्षपट आहे, अष्टचंग आहे, जुन्या दगडांवर कोरलेले नवकंकरीचे पट आहेत. हे खेळ जपायला हवेत असं म्हणणारे भेटतात, त्यांच्या चौकटी सोडवून पाहणारे फार थोडे. गेम करणाऱ्याने हे पट उघडून पाहावेत, त्यात काय द्यावं लागतं आणि काय मिळतं ते मांडावं. मला स्वतःला यापेक्षा चांगली शाळा मिळाली नाही.

वॉकरचा गेम त्यानंतर हाती घेतला. मारिओ आणि झेल्डाचे कर्ते शिगेरू मियामोतो लहानपणी क्योतोजवळच्या सोनोबे गावाच्या आसपासच्या रानात भटकायचे, तिथे सापडलेल्या गुहेची आठवण त्यांच्या १९८६ च्या ‘द लेजेंड ऑफ झेल्डा’त उतरली, हे मी वाचलं होतं. वाचून धीर आला. आपल्या पायाखालची जमीन गेममध्ये आणायला परवानगी लागत नाही.

पहिला मोठा वाद ‘हल्ला’ या बटणावर झाला. सेंटरवर येणारी कॉलेजची पोरं खेळायची आणि लगेच विचारायची, ‘माणसाले मारता नाही येत का?’ मी ते बटण ठेवलं नाही. आमच्या जिल्ह्यात ही कल्पनेतली गोष्ट नाही. २ नोव्हेंबर २०१८ च्या रात्री राळेगाव तालुक्यातल्या बोराटीजवळ ‘अवनी’ वाघीण गोळीने मेली. तेरा माणसांच्या मृत्यूंशी तिचं नाव जोडलं गेलं होतं. त्या काळात लोक घोळक्याने शेतात जात, दिवस मावळायच्या आत परतत. जी घरं त्यात उजाड झाली त्यांच्यातलं कुणी उद्या माझा गेम उघडेल, हे मनात ठेवूनच मला काम करावं लागतं. शिवाय वॉकरच्या प्रवासाचं वैशिष्ट्य उलट होतं. त्याने माणसाला टाळलं. माझ्या गेममध्ये वाघ माणसाजवळ आला तर दोघांचंही नुकसान होतं, आणि खेळणाऱ्याचं सगळं कौशल्य भेट न होऊ देण्यात लागतं. पोरांना सुरुवातीला हे अळणी वाटलं. पहाट व्हायला आली, नाला अजून दूर आहे आणि पाण्याच्या पाळीसाठी कुणीतरी बॅटरी घेऊन बांधावर आलंय, अशी वेळ आल्यावर मात्र त्यांचे श्वास अडकलेले मी पाहिले.

नोव्हेंबरचा भाग मला एका मावशींनी दिला. त्या कापूस वेचायला जातात. सेंटरवर लेकीच्या फॉर्मसाठी आल्या होत्या, सर्व्हर चालत नव्हता, म्हणून मी त्यांच्या हातात फोन दिला. पऱ्हाटी उंच झालेली, वाघ तिच्यात निजलेला, खेळणारा सुरक्षित, अशी ती पातळी होती. त्या पाहून म्हणाल्या, ‘अन् सकाळी आमी वेचाले आलो तं?’

त्या एका वाक्याने आख्खी पातळी बदलली. वेचणीच्या दिवसांत कपाशी रात्री आडोसा देते आणि सकाळी तीच धोक्याची होते. बायांची ओळ कोणत्या शेतात लागणार हे आदल्या संध्याकाळी ओळखावं लागतं: कुठे बोंडं फुटली आहेत, कुठे गाठोडी बांधून ठेवलीत. आता खेळणारा रान वाचायला शिकतो. मी कितीही रात्री जागून हे सुचलं नसतं, कारण मी कपाशीकडे वाघाच्या बाजूने पाहत होतो आणि त्या वेचणाऱ्याच्या बाजूने पाहत होत्या.

त्याच मावशींमुळे आणखी एक गोष्ट लक्षात आली. त्यांचं बोट पडद्यावर उमटत नव्हतं. बोंडाच्या टोकदार कवचांनी आणि कामाने बोटांची टोकं कडक झालेली, कातडी कोरडी. फोनचा पडदा कातडीतून वाहणाऱ्या सूक्ष्म विजेवर बोट ओळखतो, आणि घट्टे पडलेल्या बोटाला तो दाद देत नाही. त्या बिचकल्या, म्हणाल्या, ‘मले नाही जमत.’ न जमण्याचा प्रश्नच नव्हता. मी बारीक बटणं काढून टाकली. अर्धा पडदा म्हणजे चालणं, उरलेला अर्धा म्हणजे थांबणं. बोट उमटलं नाही तर वाघ थांबतो, मरत नाही. या बदलानंतर गेम तरण्या पोरांच्या हातातही सुधारला.

यंत्राच्या बाजूची लढाई वेगळी होती. मी गोडोट हे गेम इंजिन वापरतो. अर्जेंटिनात सुरू झालेलं, २०१४ पासून सगळ्यांसाठी खुलं, फुकट, आणि शंभर एमबीच्या आत उतरवता येणारं. माझ्या जुन्या लॅपटॉपला तेच पेलवत होतं. पण त्याच्या तिसऱ्या आवृत्तीत देवनागरी नीट जुळत नव्हती. पहिली वेलांटी अक्षराच्या मागे जाऊन बसायची, जोडाक्षरं फुटून हलन्त दिसायची. ‘टिपेश्वर’ हे नावच पडद्यावर मोडलेलं यायचं. मी प्रत्येक मराठी वाक्याचं चित्र करून ते चिकटवत होतो. एक शब्द बदलायचा तर नवं चित्र. १ मार्च २०२३ ला चौथी आवृत्ती आली आणि तिच्यात अशा लिप्यांची जुळणी आली. त्या रात्री मी ‘ज्ञानगंगा’ टाइप केलं आणि ते जसंच्या तसं उमटलं. मी घरच्यांना उठवून दाखवलं. मराठीत गेम का होत नाहीत असं विचारणाऱ्यांनी हेही लक्षात घ्यावं की कालपरवापर्यंत हत्यारंच आपलं अक्षर लिहीत नव्हती. आता लिहितात. आता कारण उरलेलं नाही.

गेम प्ले स्टोअरवर टाकायची वेळ आली तेव्हा नवीनच अट समोर होती. नोव्हेंबर २०२३ च्या मध्यानंतर वैयक्तिक खातं उघडणाऱ्याला आधी २० लोकांकडून सलग १४ दिवस चाचणी करून घ्यावी लागायची. पुढच्या वर्षीच्या डिसेंबरात वीसचे बारा झाले. २५ डॉलरची नोंदणी जमवता येते, पण घाटंजीत वीस माणसं सलग दोन आठवडे धरून ठेवायची कशी? कुणालाच आपल्या खात्याचा पासवर्ड ठाऊक नाही. कुठे घरात फोन एक आणि तो घेऊन पोरगा वणीला गेलेला. मी चहाच्या टपरीवर, जिनिंगच्या गेटवर, वर्गमित्रांच्या गटात, जिथे जमेल तिथे विचारत गेलो. लोकांनी दिले फोन. ज्यांनी आयुष्यात गेम खेळला नव्हता त्यांनीही दिले.

त्यात एक काका होते. रानडुकरं आणि रोही हुसकायला ते रात्रभर मचाणावर जागलीला असतात. झटका मशीनवर त्यांचा भरवसा नाही. त्यांनी माझा वाघ मचाणावर बसून चालवला, म्हणजे खऱ्या रानात, खऱ्या अंधारात. दोन दिवसांनी भेटले आणि म्हणाले, ‘बाकी बरं आहे रे, पण रात्र एवढी मुकी नसते. जनावर हललं की टिटवी वरडते. आमाले वाघ दिसत नाही, टिटवी सांगते.’ मी त्यांच्यासोबत मचाणावर बसून आवाज टिपले. आता माझ्या गेममध्ये पडीक वावरात टिटव्या बसलेल्या असतात. त्यांच्या फार जवळून गेलं की त्या ओरडत उठतात आणि मचाणावरची बॅटरी त्या दिशेला वळते. खेळणाऱ्यांना गेममधली सर्वांत आवडती गोष्ट हीच आहे.

पैशांविषयी सरळ सांगतो, कारण पोरं तेच आधी विचारतात. माझं घर गेमवर चालत नाही, सेंटरवर चालतं. गेममधून जे येतं त्यात इंटरनेट आणि आवाजाचं सामान भागतं. हे काम म्हणजे लवकर श्रीमंत होण्याची वाट असं सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नये. त्याहून महत्त्वाचं म्हणजे मोबाइलवरच्या पैजा आणि पत्त्यांच्या अ‍ॅपनी आमच्या भागात गेम या गोष्टीचं नाव फार खराब केलं. शेतमालाचे पैसे खात्यावर आले आणि महिन्यात पत्त्यांत गेले, अशी घरं मला माहीत आहेत. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमवर कायद्याने बंदी आणली, ती मला मनापासून पटते. त्याच कायद्याने ई-स्पोर्ट्स आणि पैसे न लावता खेळायचे गेम वेगळे मानले, हेही चांगलं झालं. जुगार आणि खेळ यांतलं अंतर आता एखाद्या बापाला समजावून सांगता येतं. २०२० मध्ये पब्जीवर बंदी आली तेव्हा गावातली पोरं हळहळली होती. गेम आपणही करू शकतो, हा विचार मात्र कुणाच्या डोक्यात आला नव्हता, कारण तो कुणी घातलाच नव्हता. तालुक्याच्या शाळा-कॉलेजांत संगणकाच्या खोल्या आहेत. त्या दुपारनंतर उघड्या ठेवल्या आणि पोरांना एक साधं इंजिन बसवून दिलं, तर पुढचं पोरं स्वतः करतील.

गेमच्या शेवटाबद्दल अजून पत्रं येतात. ज्ञानगंगेत वॉकर पोहोचला तेव्हा तिथे दुसरा वाघ नव्हता. त्यामुळे माझ्या गेमच्या शेवटी बक्षीस नाही, जोडीदार नाही, विजयाचं संगीत नाही. जंगल आहे, पाणी आहे आणि हवं तर पुढे चालत राहता येतं. लहान मुलं विचारतात, ‘दुसरा वाघ कोठी आहे?’ मोठी माणसं बहुधा तेच विचारतात, जरा उशिरा. शेवट गोड करा असं मला पुष्कळांनी सुचवलं. मी तो बदलणार नाही. टिपेश्वरमध्ये जागा अपुरी पडते म्हणून तरुण वाघ बाहेर पडतात, आणि बाहेर सलग जंगल नाही. हा प्रश्न मी गेममध्ये सोडवून दाखवला तर ते खोटं होईल.

घाटंजी, आर्णी, पांढरकवडा, उमरखेड, कुठल्याही अशा गावात बसून ज्याला गेम करायचा आहे त्याला एवढंच सांगतो. लॅपटॉप जुना असला तरी चालतो, इंजिन फुकट आहे, मराठी अक्षर आता नीट उमटतं. पहिला गेम एका पडद्याचा करा, पण पूर्ण करा. झाला की तो तुमच्या मित्राला देऊ नका. घरातल्या ज्या माणसाने कधी गेम खेळलेला नाही त्याच्या हातात द्या, शेजारी बसा आणि तो खेळत असेपर्यंत एक शब्दही बोलू नका.